दोन शेपट्यांचा माल

कारखान्याचा मालक परेशभाई याने टेबलावरून पुढे सरकवलेल्या कागदात एक शब्दही खोटा नव्हता, आणि योगिताचं डोकं फिरलं ते त्यामुळेच. बॅच नंबर एकशे चौदा, सॉफ्टनर पेस्ट. तपासणीत मीठ आढळले. केटलवर भटू भामरे. खाली 'लॅब केमिस्ट' असं छापून सहीपुरती जागा सोडली होती.

"सही कर दो, योगिताबेन," परेशभाई म्हणाला. "मीठ है के नहीं? है. टेस्ट किसने किया? आपने. तो?"

या 'तो'च्या पुढचं त्याने सगळ्यांसमोर आधीच सांगून टाकलं होतं. पेस्ट शिजवायच्या केटलवरच्या माणसाने चांगले फ्लेक्स, म्हणजे पेस्टचा कच्चा माल, बाहेर विकले आणि त्या जागी मीठ भरलं. बावीस वर्षं काम केलंय म्हणून पोलिसात देत नाही, पण उद्यापासून सचिन औद्योगिक वसाहतीतल्या या गेटात पाय ठेवायचा नाही. हे तो इतक्या मऊ आवाजात बोलला, की स्वतः बनवत असलेला सॉफ्टनर हा माणूस रोज चमचाभर पितो की काय, असं योगिताला वाटलं.

ज्याला चोर म्हटलं तो दाराशी उभा होता, एक हात शर्टाच्या खिशावर ठेवून, नजर फरशीवर. तो भटू भामरे म्हणजे योगिताचा सासरा. सासरा उभा असताना सून खुर्चीत बसत नाही आणि सून मॅडम असताना सासरा तिच्यासमोर बसत नाही, म्हणून दोघंही उभे, आणि मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या. तिसऱ्या खुर्चीत पांडेसऱ्याच्या मिलचे रंगमास्तर रघुनाथ बसले होते. मूळचे परभणीकडचे, केस पिकलेले, नखांत रंग कायमचा. मांडीवर ड्रेस मटेरियलचे तुकडे. याच पेस्टमध्ये बुडवून काढलेला त्यांचा कपडा मऊ व्हायच्या ऐवजी वाळल्या पापडासारखा कडक निघाला होता, आणि ते तक्रार घेऊन स्वतः आले होते.

"मला अर्धा तास द्या," योगिता म्हणाली. "परत तपासते आणि मग सही करते."

"परत क्या तपासना?"

"सही माझी आहे ना, भाई."

रघुनाथ मास्तर म्हणाले, "तपासू द्या की. मला काय घाई नाही." परेशभाईला मान हलवावीच लागली.

ती केटलशेडकडे निघाली तेव्हा पायाखालची फरशी तिला नीट दिसत नव्हती, इतका राग होता. राग परेशभाईचा होता, तसाच त्या मिठाचाही. कारण मीठ होतं. काल मिलमधून तक्रार आल्यावर तिनेच चांदीच्या क्षाराचे थेंब टाकले होते आणि परीक्षानळीत दह्यासारखा पांढरा साका जमला होता. मीठ परेशभाईने टाकलं नसणार, तो केटलजवळ फिरकतसुद्धा नाही. मग नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी टाकलं? आणि टाकलं असेल तर का? हे विचारायला एकच माणूस होता, आणि त्या माणसाला चार वर्षांत तिने एकही प्रश्न थेट विचारला नव्हता.

गोडादऱ्याच्या घरात ते तसंच चालायचं. लग्न होऊन आली तेव्हा सासू, धुरपदाबाई, हिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही आणि नाव तर घ्यायचंच नाही. योगिता एम.एस्सी. झालेली, तिला हसू आलं होतं. पण सासू मायेची होती, सासरा देवमाणूस होता, नवरा गोपाल म्हणाला, "जाऊ दे ना, काय बिघडतं," आणि काहीच बिघडलं नाही. नानांना चहा हवा असला की ते धुरपदाबाईला सांगत, धुरपदाबाई योगिताला सांगे, तिघंही एकाच खोलीत असताना. तिला ही नोकरीसुद्धा नानांनीच मिळवून दिली. "मन्ही वहू एम.एस्सी. शे," असं परेशभाईला सांगताना त्यांची छाती फुगली होती म्हणे, आणि हे योगिताला कळलं तेही धुरपदाबाईकडून.

कारखान्यात धुरपदाबाई नव्हती. तिथे खिडकी होती. नाना बॅच शिजवून झाली की नमुन्याची बाटली लॅबच्या खिडकीत ठेवत, पान्याने गजावर दोनदा वाजवत आणि ती वळून पाहायच्या आत निघून जात. ती तपासून चिठ्ठी खिडकीत ठेवी. रजिस्टरमध्ये केटलवाल्याच्या रकान्यात सगळ्यांची नावं असत, नानांच्या पाळीला मात्र ती 'केटल २' लिहायची. सगळ्या कारखान्याला याचं कौतुक. आदर्श सासरा, आदर्श सून. आता त्या कौतुकाची आठवण झाली आणि तिच्या तोंडाला कडू चव आली.

भटू तिच्या आधीच शेडमध्ये येऊन केटलचं झाकण पुसत होते. झाकण स्वच्छच होतं.

"नाना, मीठ कोणी टाकलं?"

त्यांचा हात थांबला. प्रश्न कुणाच्या मार्फत न येता सरळ आला, याचाच त्यांना धक्का बसलेला दिसला.

"मी टाकं," ते झाकणाकडे बघत म्हणाले.

"का?"

"घाटा जमे ना. चार तास फिरावं, तरी पानीनं पानी. पहिले मी साबनना कारखानामा व्हतू, तठे पातळ साबन घट्ट कराले मीठ टाकेत. तसं टाकं. जमनं."

"पेस्ट जमत नाही, तर मला का नाही सांगितलं?"

भटूंनी फडकं घडी करून ठेवलं. "गोणीवर तुन्ही सही व्हती. वहूनी पास करेल माल. त्यावर मी बोट ठेवू? बठ्ठा लोके म्हनतीन, सासराच वहूले खोटं पाडी ऱ्हायना." मग म्हणाले, "तू सही करी टाक. तुन्ही नोकरी ऱ्हाई. मन्हं काय, मी म्हातारा व्हयनू."

योगिताला वाटलं, आत्ता समोरचा पाना उचलावा आणि त्या केटलवर दणादण हाणावा. हा माणूस तिची अब्रू झाकायला मीठ घालून बसला होता आणि आता तीच झाकायला चोर व्हायला निघाला होता. आणि ती? बाटली खिडकीत आली तेव्हा तिने पाहिलं होतं. नेहमीची पेस्ट बाटली हलवली की आतून मोत्यासारखी झाक मारते, रेशमाची घडी उलटावी तशी. एकशे चौदामध्ये ती झाक नव्हती. भाताच्या पेजेसारखी निर्जीव होती. तिला खटकलं होतं. पण घट्टपणा बरोबर होता, घन भाग बरोबर होता, सगळे आकडे बरोबर होते. घट्टपणा मिठाने आणला होता आणि घन भागात मीठच मोजलं गेलं होतं, हे आज कळत होतं. त्या दिवशी दहा पावलं चालून शेडमध्ये येऊन विचारायला हवं होतं, नाना, हे असं का दिसतंय? तिने मनात म्हटलं होतं, बावीस वर्षं शिजवताहेत, त्यांच्या कामात आपण कशी खोड काढायची. आणि सही केली होती.

ती लॅबकडे पळाली.

लॅबमध्ये तिची एक सवय होती, जिची परेशभाई नेहमी चेष्टा करायचा. कच्चा माल ट्रकमधून उतरताना ती स्वतः प्रत्येक लॉटच्या गोणीत पोकळ सळी घालून मूठभर फ्लेक्स काढायची आणि तारीख घालून बरणीत ठेवायची. माल केटलवर जायच्या आधीच, म्हणजे भटूंचा हात लागायच्याही आधी. अकरा दिवसांपूर्वीची बरणी तिने खाली काढली. तिच्या शेजारची मागच्या महिन्याची काढली. दोन्ही चंचुपात्रांत सारखं पाणी तापवलं, सारखे फ्लेक्स टाकले, मीठ नाही, काही नाही, आणि ढवळत राहिली. जुन्या फ्लेक्सचं पात्र थंड होता होता दाटलं, पांढरं झालं, झाक मारायला लागलं. नवं पाण्यासारखं पातळ राहिलं, जवळजवळ आरपार दिसणारं.

तिने पुठ्ठ्याचे दोन चौकोन उचलले. त्यांत मोबाइलच्या फुटक्या स्क्रीनवरून सोलून काढलेल्या फिल्म चिकटवलेल्या होत्या. लिंबायतच्या दुरुस्तीवाल्याकडून मागून आणलेल्या. एम.एस्सी.ला द्रवस्फटिक शिकताना असल्याच फिल्मांमधून तिने पहिल्यांदा रेणूंचे थर पाहिले होते आणि त्या दिवशी जेवायचं विसरली होती. आणल्यापासून त्या खणातच पडून होत्या, कारण या कारखान्यात थर बघायला कुणी सांगत नाही, फक्त आकडे मागतात.

ती दोन्ही पात्रं, एकशे चौदाची बाटली आणि फिल्म घेऊन ऑफिसात आली. भटू पुन्हा दाराशी येऊन उभे होते. परेशभाई फोनवर हसत होता. तिने सगळं टेबलावर मांडलं, फोनच्या शेजारीच, थोडं आपटूनच.

"मास्तर, इकडे बघा."

तिने एक फिल्म दुसरीवर आडवी धरून खिडकीच्या उजेडासमोर नेली. काळं झालं. मधे जुन्या पेस्टचा थेंब दाबलेली काच सरकवली, तर त्या काळ्यात उजेड फुटला, पांढरा, कडेला पिवळा-निळा, भेगाभेगांचा. मग नव्याचा थेंब. काळं. मग एकशे चौदाचा, घट्ट, बोटाला चिकटणारा. "आत थर असले तरच उजेड येतो. दाबल्यावर मिनिटभर थांबायचं," ती म्हणाली, आणि सगळे थांबले. काळंच.

"मला ते रेणूबिणू कळत नाही, बाई," रघुनाथ मास्तर म्हणाले. "मला कपडा कळतो."

"पंगत कळते ना, मास्तर? पंगतीत माणसं पाठीला पाठ लावून बसतात, तोंडं वाढप्याच्या वाटेकडे. या मालाचा रेणू तसाच. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला नाही. म्हणून डोकी पाण्याच्या वाटेकडे करतात, शेपट्या आत, पाठीला पाठ. ओळीमागे ओळ, मधे पाण्याची वाट. कुणी बसवायला लागत नाही, ते आपले आपण बसतात. पण त्यासाठी रेणूला दोन शेपट्या लागतात. दोन असल्या की तो वरून खालपर्यंत सारखा रुंद, शेजाऱ्याला नीट टेकून बसतो, ओळ सरळ राहते. एकच असली तर डोकं रुंद आणि खाली निमुळता. असे शेजारी शेजारी बसवले की ओळ वाकते, वाकत वाकत गोल होते. नुसते गोळे. पंगत नाहीच."

"आन मीठ?" मास्तरांनी विचारलं.

"मीठ टाकलं की ते गोळे लांब होतात, शेवयांसारखे एकमेकांत गुंततात. हाताला घट्ट लागतं. पण थर होत नाहीत. थर असले तरच ते धाग्यावर चादरीसारखे बसतात आणि कपडा मऊ लागतो. तुमच्या कपड्यावर चादर बसलीच नाही." तिने नवी बरणी उचलून परेशभाईसमोर ठेवली. "हे फ्लेक्स ट्रकमधून उतरताना मी काढलेत. केटलवर जायच्या आधी. यांना एकच शेपटी आहे. चोरायला इथे चांगला माल आलाच नव्हता, भाई. मग चोरला काय?"

परेशभाईने फोन उलटा ठेवला. त्याचा आवाज अजून मऊच होता. "तो पास किसने किया, बेन?"

"मी."

"तो भूल आपकी हुई."

"हो, माझी. टायट्रेशनमध्ये डोकी मोजली जातात, शेपट्या नाही, म्हणून आकडा बरोबर आला. फ्लेक्स किती तापमानाला वितळतात ते बघितलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. ते यंत्र आठ महिने बंद आहे, आणि मी तुम्हाला चारदा सांगितलं. पाचव्यांदा भांडायला हवं होतं, ते मी केलं नाही." तिने बरणीवर बोट ठेवलं. "गोणी नेहमीच्याच छापाची होती. माल कुणाकडून घेतला, भाई?"

"वही पार्टी."

"मग बिल दाखवा," रघुनाथ मास्तर म्हणाले.

परेशभाईने फोन सरळ केला, पुन्हा उलटा ठेवला. मग खांदे उडवले. "ट्रेडर बदला था. सब बदलते हैं. इसमें क्या?"

इसमें क्या. हे तो तिच्या सासऱ्यासमोर म्हणाला, ज्याला अर्ध्या तासापूर्वी त्याने चोर ठरवलं होतं. माल वेगळा आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मीठ सापडलं तेव्हा त्याला घबाडच मिळालं असणार. आपसूक एक म्हातारा हाती लागला, तोंड न उघडणारा. योगिताला इतकी चीड आली की तिचे हात शिवशिवले. तिने टेबलावरचा तो खरा कागद उचलला, उभा फाडला, आडवा फाडला, आणि नवा कागद ओढून घेऊन रिकाम्या खुर्चीत बसली. सासऱ्यासमोर, पहिल्यांदाच. लिहिता लिहिता ती मोठ्याने वाचत गेली.

"कच्चा माल चुकीचा आला. तो पास केला योगिता गोपाल भामरे हिने. त्यामुळे पेस्ट जमली नाही. माझी चूक उघडी पडू नये म्हणून पेस्टमध्ये मीठ टाकलं," इथे ती क्षणभर अडखळली, आणि मग नाव पूर्ण घेतलं, "भटू सुकदेव भामरे यांनी. चोरी झालेली नाही."

दाराशी भटूंचा हात पुन्हा खिशावर गेला. 

तिने सही ठोकली. रघुनाथ मास्तरांनी खिशातून फोन काढला, कागदाचा फोटो घेतला आणि उठताना भटूंपाशी थांबून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "चोर म्हणलेलं मागं घ्या, परेशभाई," ते वळून म्हणाले. "न्हाईतर हा कागद मी बाकीच्या मिलवाल्यांनाबी दाखवीन."

"अच्छा, चोरी नहीं हुई," परेशभाई म्हणाला, मिठाई नको म्हणावं तसा. "अब दोनों घर जाओ. जरूरत पडी तो बुलाऊंगा."

बोलावणार नाही हे तिघांनाही कळलं. मास्तर मिलकडे गेले, आणि सासरा-सून भर दुपारी शटल रिक्षात शेजारी शेजारी बसली, मधे जेवणाचे न उघडलेले दोन डबे. रिक्षा पांडेसऱ्यापर्यंत आली. मग भटूंनी खिशातून वर्तमानपत्राची एक चपटी पुडी काढली आणि तिच्या डब्यावर ठेवली.

"काय हे?"

"त्या गोणीमाईन काढं व्हतं. हातले येगळं लागनं, घामवर साबननागत बुळबुळ व्हये. पहिला माल तसा नही. तुले दखाडू, असं वाटनं."

योगिताने पुडी उघडली. फ्लेक्स. तिने एक बोटांत चोळला. तळव्याच्या घामातच तो विरघळायला लागला, फेस आल्यासारखा. जुना फ्लेक्स मेणासारखा असतो, पाण्याला दाद देत नाही. लॅब नको, फिल्म नको, एम.एस्सी. नको, या माणसाच्या बोटांना पहिल्याच दिवशी एक शेपटी कळली होती.

"कधी काढलंत?"

"माल उना तवय."

"म्हणजे अकरा दिवस? अकरा दिवस हे खिशात घेऊन फिरताय?"

"रोज शर्ट बदलू तवय पुडी दुसरा खिसामा टाकू."

"आणि आत्ता ऑफिसात? आत्ता का नाही काढली?"

"तू बोली ऱ्हायंती," भटू म्हणाले. "वहू बोली ऱ्हायनी, मजारमा मी कसा बोलू?"

आणि मग योगिता भांडली. अशी भांडली, की शटलमधल्या दोन बायका गप्प झाल्या आणि ड्रायव्हरने आरसा वळवला. खिडकीत बाटली ठेवून पळता कशाला, मी काय वाघ आहे का, माझी अब्रू झाकायला तुम्हाला कोणी सांगितलं, हातात पुडी असून अकरा दिवस गप्प बसणारा माणूस मी पाहिला नाही. भटू आधी नुसते ऐकत होते. गोडादऱ्याच्या वळणावर त्यांचाही आवाज चढला. "आनि तू? बाटली दखी ना तू? तुले दिसनं ना? तू काब नही उनी शेडमा? पाय दुखतस का?" ते इतकी मोठी वाक्यं तिच्याशी कधी बोलले नव्हते. ती आणखी चिडली.

भांडतच दोघं गल्लीतून आली आणि भांडतच घरात शिरली. धुरपदाबाई भरदुपारी दोघांना एकदम पाहून चुलीपासची उठली, दोन पेले पाणी भरून पुढे आली. सवयीने तिने आधी नवऱ्याला विचारलं, "काय व्हयनं? वहूले काय व्हयनं?"

"तिलेच इचार," भटू म्हणाले, आणि लगेच स्वतःच तिच्याकडे वळले. "आते काय करवं, ते बोल."

"तुम्ही सांगा आधी," योगिता म्हणाली. "आणि मला सांगा. आईंना नाही."

तिने ती पुडी दोघांच्या मधे जमिनीवर ठेवली आणि बसली. भटूही तिच्यासमोर बसले. धुरपदाबाई दोन्ही हातांत पेले धरून उभी राहिली, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणाचं काही कुणाला सांगायचं नव्हतं.